‘स्स्स्स’ : दोन गीतकारांनी शब्द बाजूला ठेवले तेव्हा

विन्स क्लार्क आणि मार्टिन गोअर ही नावं माहीत नसली, तरी त्यांनी रचलेली एखादी चाल तुमच्या कानांवरून गेली असण्याची शक्यता बरीच आहे. ‘जस्ट कान्ट गेट इनफ’ हे १९८१चं गाणं क्लार्कचं. ब्रिटनमध्ये फुटबॉलच्या मैदानांवर प्रेक्षक त्याची चाल अजूनही एका सुरात म्हणतात. ‘एन्जॉय द सायलेन्स’ हे १९९०चं गाणं गोअरचं. दोन्ही डिपेश मोड या ब्रिटिश बँडची, दोन्हींचा पाया सिंथेसायझरचा, आणि दोन्ही एकदा ऐकली की दिवसभर डोक्यात घोळत राहतात.

लोकांच्या ओठांवर बसेल अशी चाल बांधणं हेच या दोघांचं आयुष्यभराचं काम. मार्च २०१२मध्ये त्यांनी मिळून जो अल्बम काढला त्यात मात्र एकही शब्द नाही. गायक नाही. गुणगुणावी अशी चालही फारशी नाही. अल्बमचं नाव ‘स्स्स्स’ आणि जोडीचं नाव व्हीसीएमजी, म्हणजे दोघांच्या नावांची आद्याक्षरं. दहा तुकडे, सुमारे तासाभराचं संगीत, सगळं यंत्रांचं.

डिपेश मोडचे किंवा क्लार्कच्या इरेजर या बँडचे चाहते मोठ्या अपेक्षेने हा अल्बम लावतात, आणि त्यातले काही जण दोन मिनिटांत बंदही करतात. तक्रार ठरलेली: ‘यात काही घडतच नाही, तेच ते चाललंय.’ ही तक्रार मी धुडकावून लावणार नाही. गाणं ऐकायच्या सवयीने हा अल्बम ऐकला तर हाती खरोखरच फार काही लागत नाही. पण त्यात पुष्कळ काही घडतं, आणि ते ऐकू येण्यासाठी संगीताचं शिक्षण घ्यावं लागत नाही. सिंथेसायझर आतून कसा चालतो एवढं थोडंसं समजलं की पुरतं. तेवढंच इथे सांगायचं आहे.

आधी माणसं

लंडनच्या पूर्वेला एसेक्स परगण्यात बॅसिल्डन नावाचं शहर आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनमधली गर्दी बाहेर हलवायला सरकारने जी नवी शहरं वसवली त्यांतलं हे एक. क्लार्क आणि गोअर दोघंही इथेच वाढले. १९८०मध्ये अँडी फ्लेचर आणि गायक डेव्ह गहान यांच्यासोबत त्यांनी डिपेश मोड सुरू केला. त्यांच्याकडचे सिंथेसायझर साधे होते: क्लार्ककडे कावाई, गोअरकडे यामाहा, फ्लेचरकडे मूग. काखेत मारून कार्यक्रमाला नेता येतील एवढेच मोठे.

डॅनियल मिलर या माणसाने त्यांना हेरलं. मिलरने १९७८मध्ये स्वतःची एक रेकॉर्ड काढण्यासाठी म्यूट रेकॉर्ड्स ही छोटी कंपनी उभी केली होती. डिपेश मोडचा पहिला अल्बम ‘स्पीक अँड स्पेल’ १९८१मध्ये लंडनच्या ब्लॅकविंग स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला. पूर्वी चर्च असलेल्या इमारतीतला हा स्टुडिओ. मिलरने तिथे आपला एआरपी २६०० हा भलामोठा सिंथेसायझर आणि त्याला जोडायचा सीक्वेन्सर, म्हणजे सूर आपोआप वाजवणारं यंत्र, आणला, आणि या तरुण पोरांना यंत्राकडून वाजवून घेणं म्हणजे काय ते जवळून पाहायला मिळालं. त्या अल्बममधल्या ११ रचनांपैकी ९ क्लार्कच्या आणि २ गोअरच्या. गोअरच्या दोनांपैकी ‘बिग मफ’ ही रचना शब्दांविना, निव्वळ वाद्यांची आहे. व्हीसीएमजीचं बी शोधायचंच तर ते मला तिथे दिसतं.

१९८१ संपता संपता क्लार्कने बँड सोडला. पुढे अॅलिसन मोये हिच्यासोबत याझू, मग १९८५पासून अँडी बेलसोबत इरेजर. इकडे डिपेश मोडमध्ये गाणी लिहिण्याची जबाबदारी गोअरवर आली आणि त्याने बँडचा सूर हळूहळू गडद करत नेला. एकाने उजेडातलं पॉप केलं, दुसऱ्याने अंधारातलं. तीस वर्षं दोघांनी एकत्र काही केलं नाही.

मग एक दिवस गोअरला क्लार्कचा ई-मेल आला. मजकूर थोडका होता: टेक्नो अल्बम करायचा विचार आहे, तुला रस आहे का? दडपण नाही, मुदत नाही. टेक्नो म्हणजे यंत्रांवर घडवलेलं, एकसारख्या ठेक्याचं नृत्यसंगीत. क्लार्क त्या काळात त्यातलं मिनिमल, म्हणजे मोजक्याच आवाजांचं, संगीत बरंच ऐकत होता आणि त्यातल्या आवाजांनी त्याला गुंतवून टाकलं होतं. एकट्याने करण्यापेक्षा जोडीदार असावा असं त्याला वाटलं. गोअर हो म्हणाला.

दोघंही राहायला अमेरिकेत, पण देशाच्या दोन टोकांना. क्लार्क पूर्व किनाऱ्यावर, गोअर कॅलिफोर्नियात. एकाने काहीतरी सुरू करायचं, फाइल पाठवायची. दुसऱ्याने त्यात भर घालून परत पाठवायची. मे २०११मध्ये लंडनच्या राउंडहाउस सभागृहात म्यूटचा ‘शॉर्ट सर्किट’ महोत्सव झाला, तिथे ते भेटले आणि या कामावर पहिल्यांदा समोरासमोर बोलले. तोवर सगळा व्यवहार ई-मेलचा.

या पद्धतीकडे मी जरा थांबून पाहतो, कारण ती अल्बममध्ये ऐकू येते. एका खोलीत बसून गाणं करताना माणसं बोलतात, वाद घालतात, एखादी ओळ गाऊन दाखवतात. इथे तसं काही नव्हतं. समोरच्याने काय केलं हे फक्त ऐकून समजून घ्यायचं, आणि उत्तरही आवाजातच द्यायचं. अशा देवाणघेवाणीत ‘मला काय म्हणायचं आहे’ यापेक्षा ‘इथे आणखी काय बसेल’ हा प्रश्न पुढे येतो. ‘स्स्स्स’मधले तुकडे थरांवर थर चढत गेल्यासारखे वाटतात, आणि कोणता थर कुणाचा हे शोधून सापडत नाही. दोन इतक्या ठळक शैलींची माणसं एकमेकांत इतकी मिसळली, हे मला या अल्बमचं सर्वांत मोठं यश वाटतं.

आवाज घडतो कसा

आता यंत्राकडे वळू. सिंथेसायझर म्हणजे पियानोसारख्या पट्ट्या असलेलं वाद्य, अशी आपली समजूत असते. पट्ट्या ही त्यातली सर्वांत कमी महत्त्वाची गोष्ट. क्लार्ककडच्या अनेक जुन्या यंत्रांत खरं काम तीन भाग करतात, आणि ते तीन भाग ओळखले की अर्धी लढाई जिंकली.

पहिला भाग ऑसिलेटर. तो विजेचा एक ठरावीक आकाराचा हेलकावा सेकंदाला अमुक वेळा तयार करतो. सेकंदाला ५५ हेलकावे असतील तर कानाला खर्जातला एक जाड सूर ऐकू येतो. हेलकाव्याचा आकार करवतीच्या दात्यांसारखा असेल, तर त्या एका सुरात ५५च्या पटीतले सगळे सूर दडलेले असतात: ११०, १६५, २२०, आणि असेच वर वर. हेच ते उपस्वर. आवाजाला धार, खरखर, चमक येते ती त्यांच्यामुळे.

दुसरा भाग फिल्टर. तो या उपस्वरांपैकी किती पुढे जाऊ द्यायचे ते ठरवतो. शेजारच्या हॉलमध्ये डीजे लागलेला असतो आणि आपल्या घराचं दार बंद असतं, तेव्हा फक्त धबधब आणि घुमणं ऐकू येतं. दार उघडलं की तेच संगीत त्याच्या सगळ्या झांजांसकट अंगावर येतं. फिल्टरची कळ फिरवणं म्हणजे ते दार हवं तितकंच किलकिलं करणं. आकड्यांत सांगायचं तर, ५५च्या त्या सुरावर फिल्टर २००पाशी ठेवला तर मूळ सूर आणि जेमतेम दोन उपस्वर उरतात. आवाज गोल, मऊ, दबलेला. तोच फिल्टर २,०००पर्यंत उघडला तर छत्तिसेक घटक ऐकू येतात आणि आवाज कडकडीत होतो. सूर बदललेला नाही, लय बदललेली नाही. तरी ऐकणाऱ्याला काहीतरी जवळ आल्यासारखं, तापल्यासारखं वाटतं.

तिसरा भाग एन्व्हलप. आवाज किती झटकन उठायचा, कितपत टिकायचा आणि कसा विरायचा, हे तो ठरवतो. तोच खर्जाचा सूर एकदम उठून लगेच तुटला तर टिचकी मारल्यासारखा लागतो. हळू उठून हळू विरला तर ढग सरकल्यासारखा. एन्व्हलप फिल्टरलाही जोडता येतो. मग प्रत्येक सुराच्या सुरुवातीला आवाज क्षणभर उघडतो आणि मिटतो. इलेक्ट्रॉनिक संगीतात ऐकू येणारा तो ‘व्याँव, व्याँव’ असा बेस, म्हणजे खर्जाचा आवाज, यातूनच निघतो.

ढोलही याच सामग्रीतून होतो. एक साधा गोल हेलकावा घ्यायचा, त्याचा सूर उंचावर सुरू करून डोळ्याचं पातं लवतं तितक्यात खाली खर्जात पाडायचा, की किक ड्रमचा ‘धुम्’ मिळतो. खालपासून वरपर्यंतचे सगळे सूर एकदम भरलेला सुसाट आवाज घेऊन त्याचा अगदी बारीक तुकडा कापला की हायहॅट या जोडझांजेची ‘चिक्’. म्हणजे ‘स्स्स्स’मध्ये ताल वेगळा आणि सूर वेगळा असा भेद मुळातच पातळ आहे. दोन्ही एकाच खाणीतले दगड असल्यामुळे टिचकीतून सूर आणि सुरातून टिचकी होत राहते. असा एखादा आवाज तुकडा चालू असतानाच कूस बदलताना पकडता आला, की या संगीताची गोडी लागली म्हणून समजा.

सोळा घरं

हे सगळं वाजवतं कोण? इथे सीक्वेन्सर येतो. जुन्या सीक्वेन्सरवर सोळा घरं असतात. प्रत्येक घरात एक सूर भरायचा किंवा ते रिकामं सोडायचं. यंत्र पहिल्यापासून सोळाव्यापर्यंत जातं आणि परत पहिल्यावर येतं, न थकता, न चुकता.

समजा वेग मिनिटाला १२५ ठोके आहे; या प्रकारच्या संगीतात साधारण एवढा असतो. मग एक ठोका ०.४८ सेकंदाचा. चार ठोक्यांचं एक आवर्तन १.९२ सेकंदांचं, आणि त्यातलं एकेक घर ०.१२ सेकंदाचं. सहा मिनिटांच्या तुकड्यात हे आवर्तन १८७ वेळा फिरतं. एकच आकृती १८७ वेळा! ‘तेच ते चाललंय’ म्हणणारा माणूस इथे चुकत नाही.

पण या १८७ फेऱ्यांत फिल्टर कुठे आहे ते पाहा. समजा संगीतकाराने तो ३२ फेऱ्यांमध्ये बंदपासून पूर्ण उघडा होईल असा सरकवला, म्हणजे साधारण एका मिनिटात. कोणत्याही दोन लगतच्या फेऱ्या ऐकल्या तर त्यांत फरक जाणवणार नाही. पहिली आणि बत्तिसावी लागोपाठ ऐकवली तर त्या एकाच यंत्राच्या आहेत यावर विश्वास बसणार नाही. टेक्नोतली गोष्ट या संथ सरकण्यात असते. गाण्यात कडवं संपलं, ध्रुवपद आलं, हे आपल्याला उंबरठा ओलांडल्यासारखं कळतं. इथे उंबरठेच कमी आहेत, म्हणून कान सुराऐवजी आवाजाच्या पोतावर ठेवावा लागतो. ख्यालाचा रसिक एकच बंदिश तासभर ऐकतो आणि त्याला कंटाळा येत नाही, कारण त्याचं लक्ष बढतीवर असतं. ती सवय असलेल्या मराठी श्रोत्याला हा अल्बम परका वाटण्याचं कारण नाही. फरक इतकाच की तिथे बढत सुरांची, इथे पोताची.

टेक्नो आला कुठून

अमेरिकेत मोटारींचे कारखाने असलेलं डेट्रॉईट शहर. त्याच्याजवळच्या बेलव्हिलमध्ये एकत्र शिकलेले तीन कृष्णवर्णीय मित्र, हुआन अॅटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डरसन, यांनी १९८०च्या दशकात हा प्रकार घडवला. त्यांच्या कानांवर अमेरिकी फंक होतं, तसंच जर्मनीच्या क्राफ्टवर्कचं यांत्रिक संगीत आणि ब्रिटनहून येणारं सिंथ-पॉपही. १९८८मध्ये डेट्रॉईटच्या संगीताचा एक संग्रह ब्रिटनमध्ये निघाला आणि टेक्नो हे नाव पक्कं झालं. पुढे त्याच शहरातल्या रॉबर्ट हूडने १९९४च्या ‘मिनिमल नेशन’मध्ये संगीत अगदी हाडांपर्यंत सोलून काढलं: दोन-तीन आवाज, एक आकृती, बाकी रिकामी जागा. तिथून मिनिमल टेक्नोची धार जर्मनीत, विशेषतः बर्लिनमध्ये, पसरली.

म्हणजे क्लार्क-गोअरच्या पिढीचं संगीत डेट्रॉईटला गेलं, तिथे त्याचं दुसरंच काही झालं, आणि तीस वर्षांनी ते या दोघांच्या कानांवर परत आलं. पन्नाशीत पोचलेल्या, नाव आणि पैसा दोन्ही कमावलेल्या या माणसांनी ते नव्या पोरांसारखं समोर बसून शिकून घेतलं, याचं मला फार अप्रूप आहे. त्यांना ‘मूळ आमचंच’ म्हणून मिरवता आलं असतं. त्याऐवजी त्यांनी या प्रकाराचे नियम पाळले. चाल बांधता येते म्हणून ती कोंबली नाही.

याच यंत्रांची एक कथा मुंबईत घडली, ती इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटसंगीतातले अनुभवी वादक. १९८२मध्ये त्यांनी रोलंड कंपनीची तीन नवी यंत्रं, बेस वाजवणारं टीबी-३०३, ताल वाजवणारं टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, जोडून दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले, आणि एचएमव्हीने त्याची रेकॉर्ड काढली. तेव्हा तिच्याकडे कुणी फारसं वळून पाहिलं नाही. २०१०मध्ये ती नेदरलँड्समधून पुन्हा निघाली, तेव्हा जगभरातले ऐकणारे चकित झाले. शिकागोतल्या तरुणांनी ३०३ पिळून जो अॅसिड हाऊस प्रकार पुढे काही वर्षांनी जन्माला घातला, त्याच्याशी मिळताजुळता आवाज इथे आधीच उमटलेला होता. दोघांचा एकमेकांशी संबंध नव्हता. तेच यंत्र हाती आलं आणि दोन्हीकडे त्याच्या स्वभावातून तेच बाहेर आलं. सीक्वेन्सर आणि फिल्टर यांचा स्वभाव किती जबरदस्त असतो, हे यातून कळतं.

व्होल्टचा हट्ट

क्लार्कबद्दल एक गोष्ट तांत्रिक असली तरी सांगायलाच हवी, कारण ‘स्स्स्स’चा ठेका असा घट्ट का लागतो याचं थोडं उत्तर तिच्यात आहे.

जुनी अॅनालॉग यंत्रं एकमेकांशी विजेच्या दाबाने बोलतात. बहुतेक कंपन्यांचा ठराव असा की दाब एक व्होल्टने वाढला तर सूर एक सप्तक चढतो. सप्तकात बारा स्वर, म्हणजे शेजारच्या स्वरावर जायला व्होल्टचा बारावा भाग, सुमारे ८३ मिलिव्होल्ट. तारेत दाब बदलला की सूर बदलला. मध्ये कुणी निरोप्या नाही.

१९८३मध्ये मिडी आलं. वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एका केबलने जोडता येऊ लागली आणि सगळ्या जगाने ते उचललं. पण मिडी आकड्यांत बोलतं, आणि एका वेळी एकच निरोप पाठवतं. त्याचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट. एक सूर वाजवायचा निरोप पोचायला जवळपास एक मिलिसेकंद लागतं. दहा आवाज एकाच ठोक्यावर वाजायचे असतील तर दहावा पहिल्यापेक्षा नऊ-दहा मिलिसेकंद मागे. त्या काळच्या संगणकांची ढिलाई आणखी वर. कान हे मोजत नाही, पण ठेका सैल पडल्याचं त्याला कळतं. ज्या संगीतात एक घर अवघं १२० मिलिसेकंदांचं, तिथे हा सैलपणा खटकतो. क्लार्कला तो खटकला. इरेजरच्या १९९१च्या ‘कोरस’ या अल्बमसाठी त्याने मिडी बाजूला ठेवलं आणि रोलंडच्या दहा वर्षं जुन्या एमसी-४ सीक्वेन्सरने, विजेच्या दाबाने, यंत्रं चालवली. लोक नव्याच्या मागे असताना याने जुन्याचा हट्ट धरला, तोही निव्वळ काही मिलिसेकंदांसाठी.

गोअरलाही जुन्या आणि मोड्युलर यंत्रांचं वेड आहे. मोड्युलर म्हणजे ऑसिलेटर, फिल्टर, एन्व्हलप असे सुटे भाग एका चौकटीत बसवून तारांनी हवे तसे जोडायचे. म्युनिकजवळच्या डीटर डोपफर यांनी १९९५च्या सुमारास यासाठी युरोरॅक नावाचं एक आटोपशीर माप रूढ केलं, आणि छोट्या छोट्या कारागिरांनी शेकडो भाग बाजारात आणले. या यंत्रांवर जोडणी साठवून ठेवायची सोय बहुधा नसते. आज सापडलेला आवाज उद्या तसाच मिळेल याची खात्री नाही, म्हणून तो सापडला की लगेच ध्वनिमुद्रित करायचा. ‘स्स्स्स’मध्ये मधूनच एखादी पिचकारी, एखादी चिवचिव येते आणि परत कधी दिसत नाही, ती मला या कामाच्या पद्धतीची खूण वाटते.

अल्बमचं मिक्सिंग, म्हणजे सगळे आवाज एकमेकांत नीट बसवणं, कॅलिफोर्नियाच्या टिमोथी ‘क्यू’ वाइल्स याने केलं, आणि मास्टरिंग, म्हणजे शेवटची सफाई, बर्लिनच्या स्टेफान बेटके याने. बेटके स्वतः पोल या नावाने अतिशय विरळ, खरखरीत इलेक्ट्रॉनिक संगीत करतो. रिकाम्या जागेची ज्याला कदर आहे अशा माणसाच्या हाती शेवटचा हात फिरवायचं काम दिलं, हे नुसत्या कानांनीही कळतं. आवाज एकमेकांच्या अंगावर चढत नाहीत. प्रत्येकाभोवती हवा आहे.

मग ऐकायचं कसं

फोनच्या स्पीकरवर नको, हे पहिलं. किक ड्रम आणि बेसचा जीव सेकंदाला ५०-६०च्या आसपासच्या हेलकाव्यांत असतो आणि एवढासा स्पीकर तिथवर पोचतच नाही. तो निम्मा अल्बम गाळून टाकतो आणि उरलेली टिकटिक ऐकवतो. साधे पण बरे हेडफोन चालतील.

अख्खा तास एका बैठकीत ऐकण्याचा आग्रह मी धरणार नाही. अल्बम सलग ऐकताना मधल्या भागात काही तुकडे एकमेकांसारखे भासतात, आणि दोन तुकडे कमी असते तर तो अधिक धारदार झाला असता असं माझं मत आहे. सुरुवातीला ‘स्पॉक’ किंवा ‘सिंगल ब्लिप’ यांतला एक घ्या. पहिल्यांदा ऐकताना फक्त बेस धरा. तो मंद होतो की उजळतो, गोल होतो की टोकदार, एवढंच पाहा. दुसऱ्यांदा बेस सोडून द्या आणि वरचे बारीक आवाज मोजा; कुठला कधी आला आणि, मुख्य म्हणजे, कधी गेला. नवीन आवाज आल्याचं सगळ्यांना कळतं. चालू असलेला आवाज काढून घेतल्याचं बऱ्याचदा चार-पाच आवर्तनांनंतर लक्षात येतं, आणि जाणकार संगीतकार नेमका त्याच उशिराचा फायदा घेतो. किक ड्रम मध्येच थांबतो तेव्हा पाय अधांतरी राहिल्यासारखे होतात. तो परत येतो तेव्हा त्याच्या त्या एका ठोक्यात एखाद्या ध्रुवपदाचं बळ असतं.

तिसऱ्यांदा मग चाल शोधा. ती आहे. या दोघांना ती पूर्णपणे टाळणं जमलेलं नाही, आणि मला त्याचा आनंद आहे. चार-पाच सुरांची एखादी आकृती ठेक्याच्या मागून डोकावते, पूर्ण होण्याआधी विरते. ज्याने क्लार्कची जुनी गाणी ऐकली आहेत त्याला तिथे ओळखीचं काहीतरी भेटतं. ‘बेंडी बेस’ आणि ‘विंडअप रोबोट’ ही नावंसुद्धा कान कुठे ठेवायचा ते सांगून टाकतात.

या अल्बमने दोघांनाही एक वाट मोकळी करून दिली असावी. गोअरने २०१५मध्ये ‘एमजी’ हा १६ तुकड्यांचा शब्दविरहित अल्बम एकट्याने केला. तो अधिक संथ, अधिक सावळा. २०२१मध्ये त्याने आणखी पाच तुकडे काढले. क्लार्कने २०२३मध्ये ‘साँग्ज ऑफ सायलेन्स’ हा आयुष्यातला पहिला एकल अल्बम काढला. त्यात ठेका जवळजवळ नाहीच. प्रत्येक रचना सतत चालू राहणाऱ्या एकाच सुरावर उभी आहे. तानपुऱ्यावर कान तयार झालेल्यांनी टेक्नोच्या आधी हा ऐकला तरी चालेल. उलट तीच सोपी वाट ठरेल.

आणि ‘स्स्स्स’ आवडलाच, तर त्याच्या आगेमागे निघालेल्या तीन छोट्या रेकॉर्डही सोडू नका. ‘स्पॉक’, ‘सिंगल ब्लिप’ आणि ‘आफ्टरमॅथ्स’ हे तुकडे त्यांत रीमिक्स करायला इतरांच्या हाती दिले आहेत. ‘स्पॉक’ ज्यांनी घेतला त्यांत इंग्लंडचा रेजिस आणि अमेरिकेचा डीव्हीएस-वन आहेत, दोघंही टेक्नोत मुरलेले. मूळ तुकडा आणि रीमिक्स लागोपाठ लावा. फिल्टर, एन्व्हलप आणि सोळा घरांबद्दल वर जे लिहिलं आहे, ते कुणी कुठे कसं वापरलं याचा फरक तिथे सरळ कानांनी मोजता येतो.